पोत्यावरचे आकडे आणि बाटलीवरचे शब्द: नव्याने शेती हाती घेणाऱ्यांसाठी वाचनाचे मार्गदर्शन

मृग लागला की यवतमाळ, वर्धा, अमरावती या भागांतल्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्रांसमोर गर्दी उसळते. दुकानदाराला उसंत नसते आणि घेणाऱ्याच्या डोक्यात पावसाची घाई असते, त्यामुळे खताच्या पोत्यावर, बियाण्याच्या थैलीवर आणि औषधाच्या बाटलीवर जे छापलेले आहे ते वाचायचे राहूनच जाते. शहरातली नोकरी सोडून घरचे वावर कसू लागलेले तरुण, घरधन्याच्या पश्चात शेती अंगावर घेतलेल्या भगिनी आणि कृषी केंद्रात नुकतेच कामाला लागलेले मुलगे-मुली यांना समोर ठेवून हे लिहीत आहे. यांपैकी अनेकांना इंग्रजी वाचता येते. परंतु पोत्यावरचे इंग्रजी शाळेत शिकवलेले नसते, आणि तिथले आकडे तर भाषा येऊनही उलगडत नाहीत.

सुरुवातीला एकच सवय लावून घ्यावी. कोणताही आकडा दिसला की त्याला दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा कशाचा आहे, आणि तो कितीमध्ये आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पोते फोडू नये आणि बाटलीचे बूच काढू नये.

पहिली पायरी: आपले वावर कोणत्या मापात आहे ते पाहणे

औषधाच्या माहितीपत्रकावरची मात्रा आणि कृषी विद्यापीठाची खतांची शिफारस बहुधा हेक्टरी दिलेली असते. आपल्याकडचे बोलणे मात्र एकराचे असते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहितात, म्हणून तिथे १.२१ असे दिसले तर ते ‘एक हेक्टर एकवीस आर’ असे वाचावे. ते जवळजवळ तीन एकर होतात. शंभर आरांचा एक हेक्टर होतो आणि एका एकरात साधारण साडेचाळीस आर बसतात. चाळीस गुंठ्यांचा एकर आपल्या परिचयाचा आहेच. आर शंभर चौरस मीटरचा आणि गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्यामुळे दोन्ही मापे जवळजवळ सारखीच आहेत. म्हणून हेक्टरी आकड्याला ०.४ ने गुणले की एकरी आकडा मिळतो. हे करायचे विसरून हेक्टरची मात्रा एकराला दिली, तर ती अडीचपट होते.

दुसरी पायरी: खताचे पोते

पोत्यावर १०:२६:२६ असे तीन आकडे असतील तर त्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला आकडा नत्राचा (नायट्रोजन), दुसरा स्फुरदाचा (फॉस्फरस) आणि तिसरा पालाशाचा (पोटॅश). हा क्रम कोणत्याही कंपनीच्या पोत्यावर बदलत नाही. आकडे टक्क्यांत, म्हणजे शंभर किलो खतामागे किती किलो, असे असतात. पोते पन्नास किलोचे असल्यास त्यात नत्र पाच किलो, स्फुरद तेरा किलो आणि पालाश तेरा किलो आले. ही बेरीज एकतीस किलोच भरते, तेव्हा उरलेले एकोणीस किलो भेसळ असली पाहिजे, असे अनेकांना वाटते, तसे नाही. अन्नद्रव्ये खतात सुटी नसतात, ती क्षारांच्या रूपात असतात, आणि त्या क्षारांतल्या इतर घटकांचेही वजन पोत्यात धरलेले असते.

डीएपीवर, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटवर, १८:४६:० असते. शेवटचे शून्य नीट वाचावे, कारण त्या खतात पालाश मुळीच नाही असे ते सांगते. विद्राव्य खतांत ०:५२:३४ हे ‘झिरो-बावन्न-चौतीस’ म्हणून मागितले जाते, त्यात पहिले शून्य नत्राचे आहे. जागा धरून ठेवण्यासाठी शून्य लिहिलेले असते आणि जागेवरूनच अर्थ ठरतो.

माझी स्वतःची चूक याच जागेवर झाली. शेती हाती घेतली त्या पहिल्या वर्षी कपाशीला पालाश द्यायचा म्हणून मी २०:२०:०:१३ ची पोती आणली. शेवटचा आकडा तेरा, आणि पालाश शेवटी येतो एवढेच मला ठाऊक होते. सगळ्या पऱ्हाटीला खत देऊन झाल्यावर शेजारच्या काकांनी बांधावर पडलेले रिकामे पोते उचलले, पायावर झटकले, त्यावरची माती अंगठ्याने पुसली आणि आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात छापलेला ‘सल्फर’ हा शब्द मला दाखवला. चौथा आकडा गंधकाचा होता आणि पालाशाच्या तिसऱ्या जागी शून्य होते. त्या हंगामात माझ्या पिकाला पालाश मिळालाच नाही. तेव्हापासून मी आकड्यांची जागा बोट ठेवून मोजतो, आणि नवीन माणसाला तसेच करायला सांगतो.

आता शिफारशीवरून पोती कशी काढायची ते पाहू. समजा आपल्या पिकाला हेक्टरी ६०:३०:३० अशी शिफारस आहे. ०.४ ने गुणून एकराला नत्र २४, स्फुरद १२ आणि पालाश १२ किलो लागेल. १०:२६:२६ चे पन्नास किलोचे एक पोते दिले की स्फुरद आणि पालाश तेरा-तेरा किलो मिळून ती गरज भागते, आणि नत्र पाच किलो मिळते. राहिलेले एकोणीस किलो नत्र युरियातून द्यायचे. युरियात नत्र ४६ टक्के असते आणि त्याचे पोते २०१८ पासून पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोचे झाले आहे, म्हणून एका पोत्यात २०.७ किलो नत्र येते. म्हणजे युरियाचे पोतेही एकच पुरते, मात्र ते सगळे एकाच वेळी टाकायचे नसते, विभागून द्यायचे असते. ‘एकराला एक पोते’ हा जुना हिशेब पन्नास किलोच्या पोत्याचा होता, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आदराने सांगावे लागते.

आकड्यांच्या सोबत ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्सिमम’ हे शब्द असतात आणि त्यांच्यातला फरक मोठा आहे. ‘मिनिमम’ लिहिलेला आकडा किमान इतके अन्नद्रव्य असलेच पाहिजे असे सांगतो. ‘मॅक्सिमम’ लिहिलेला आकडा नको असलेल्या गोष्टीची वरची मर्यादा सांगतो. युरियाच्या पोत्यावर ‘बाययुरेट’ हा अनोळखी शब्द दीड टक्का मॅक्सिमम असा दिसतो. युरिया तयार होताना जास्त तापला की हा पदार्थ बनतो आणि तो जास्त झाल्यास पिकाची पाने करपतात. तेथे कमी आकडा म्हणजे चांगला माल.

‘म्युरेट ऑफ पोटॅश’ यातल्या ‘म्युरेट’चा अर्थ विचारला तर दुकानातही सहसा कोणी सांगत नाही. मिठाच्या खाऱ्या पाण्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून क्लोराइडला पूर्वी म्युरेट म्हणत. रसायनशास्त्राने ते नाव सोडले, खताच्या पोत्याने ठेवले. म्हणून हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यात पालाश साठ टक्के. ‘डाय’ म्हणजे दोन आणि ‘मोनो’ म्हणजे एक. डायअमोनियम फॉस्फेट आणि मोनोअमोनियम फॉस्फेट यांच्या नावांतला फरक एवढाच आहे, परंतु पहिल्याचे आकडे १८:४६:० आणि दुसऱ्याचे १२:६१:० असल्यामुळे एकाऐवजी दुसरे चालत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून अनुदानित खतांच्या पोत्यांवर ‘भारत’ हे एकच नाव मोठ्या अक्षरांत येते, त्यामुळे नावावरून पोते ओळखण्याची जुनी सवय उपयोगाची राहिलेली नाही. आकडेच पाहावे लागतात.

तिसरी पायरी: बियाण्याची थैली

थैलीला शिवलेल्या टॅगचा रंग आधी पाहावा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा, आणि कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यतादर्शक बियाण्याचा हिरवट असतो. त्यावरचा ‘जर्मिनेशन’ हा आकडा उगवणीचा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला तो किमान ७० टक्के आणि हरभऱ्याला ८५ टक्के असावा लागतो. ‘जेनेटिक प्युरिटी’ म्हणजे दाणे त्याच वाणाचे असण्याची टक्केवारी, ‘फिजिकल प्युरिटी’ म्हणजे काडीकचरा सोडून निव्वळ बियाणे, आणि ‘इनर्ट मॅटर’ म्हणजे तो काडीकचरा व माती.

उगवणीच्या आकड्याचा पेरणीशी थेट संबंध असतो, म्हणून घरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि उगवलेले मोजावेत. सत्तर टक्के उगवणीला एकरी तीस किलो सोयाबीन पेरत असाल आणि गोणपाटात साठच दाणे उगवले असतील, तर तीसला सत्तरने गुणून साठने भागावे. पस्तीस किलो लागेल.

वाणांची नावेही संक्षेपांतच असतात. जेएस ३३५ मधले ‘जेएस’ म्हणजे जवाहर सोयाबीन, ते जबलपूरच्या विद्यापीठाचे वाण आहे. तुरीच्या बीडीएन ७११ मधले ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर. कपाशीच्या एकेएच आणि एकेए या दोन्हींत ‘एके’ म्हणजे आपले अकोला. ‘एच’ हे हिरसुटम या अमेरिकन जातीचे अक्षर आणि दुसरे ‘ए’ हे आर्बोरियम या देशी जातीचे. अशा नावांतला आकडा हा त्या वाणाचा क्रमांक असतो. मोठा आकडा म्हणजे जास्त उत्पन्न, असा समज बाजारात पसरवला जातो; त्याला आधार नाही. कपाशीच्या पाकिटावरचे ‘बीजी टू’ मात्र खरोखर दोनाचा अर्थ सांगते: बोंडअळीविरुद्धची दोन जनुके त्या वाणात आहेत, आणि २००२ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या पिढीत एकच होते. ‘एचटीबीटी’ म्हणून, म्हणजे तणनाशक सहन करणारे बीटी कपाशीचे बियाणे म्हणून, जे गुपचूप विकले जाते, त्याला भारतात लागवडीची मान्यता नाही, आणि त्या पाकिटावर छापलेल्या कोणत्याही आकड्याला कोणी जबाबदार नसतो.

चौथी पायरी: बाटलीवरचे नाव

बाटलीवर मोठ्या अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले व्यापारी नाव. ते बाजूला ठेवावे आणि खाली लहान अक्षरांत लिहिलेले औषधाचे खरे नाव, एक आकडा आणि दोन-तीन अक्षरे अशी ओळ शोधावी. उदाहरणार्थ, ‘इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल’. आकडा म्हणजे त्या द्रवात खरे औषध किती टक्के आहे, आणि अक्षरे म्हणजे औषध कोणत्या रूपात आहे. ‘एसएल’ म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा द्रव. ‘ईसी’ म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधासारखा होणारा, तेलकट द्रावकातला द्रव. ‘एससी’ म्हणजे बारीक कण तरंगत ठेवलेला दाट द्रव. ‘डब्ल्यूपी’ म्हणजे पाण्यात कालवण्याची भुकटी. ‘डब्ल्यूजी’ म्हणजे पाण्यात फुटून पसरणारे दाणे. ‘एफएस’ म्हणजे बीजप्रक्रियेसाठीचा द्रव. ‘एससी’ची बाटली उभी ठेवली की कण तळाशी बसतात, म्हणून तिच्यावर ‘शेक वेल’, म्हणजे चांगली हलवा, असे लिहिलेले असते. न हलवता वापरल्यास पहिल्या पंपांत औषध कमी जाते आणि शेवटच्या पंपांत जळजळीत पडते.

एकाच औषधाच्या दोन बाटल्यांवर १७.८ आणि ६०० असे आकडे पाहून नवा माणूस गोंधळतो. येथे आपला दुसरा प्रश्न कामी येतो. १७.८ हा वजनाला वजन, म्हणजे शंभर ग्रॅम द्रवात १७.८ ग्रॅम औषध असा आकडा आहे. तोच मापाने मोजला तर लिटरमागे २०० ग्रॅम होतो. ६०० एफएसमधला आकडा लिटरमागच्या ग्रॅमचा आहे, आणि वजनाच्या हिशेबाने ते ४८ टक्के होतात. म्हणजे दुसरी बाटली लिटरमागे तिप्पट तीव्र आहे, तेहतीसपट नव्हे.

याहून मोठी फसगत ‘पीपीएम’ने होते. निंबोळी अर्काच्या बाटलीवर १५०० किंवा १०००० पीपीएम असा ऐटदार आकडा असतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. त्यामुळे १०००० पीपीएम म्हणजे एक टक्का आणि १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्के. अर्क वाईट असतो असे मला म्हणायचे नाही, मीही तो वापरतो; परंतु १५०० ची बाटली १०००० च्या बाटलीइतकीच मात्रेने वापरली तर परिणाम दिसणार नाही, आणि दोष मात्र निंबोळीला जाईल.

घटकांच्या कोष्टकात शेवटी ‘क्यू. एस.’ ही अक्षरे दिसतात. मूळ लॅटिन संज्ञेचा तो संक्षेप असून ‘पुरेसे तितके’ असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे बाकीचे घटक घातल्यावर शंभर भरेपर्यंत द्रावक. आणखी एक शब्द जीवावर बेतू शकतो: ‘इन्फ्लेमेबल’. सुरुवातीच्या ‘इन्’मुळे तो नकारार्थी, म्हणजे ‘न पेटणारे’, असा वाटतो. अर्थ नेमका उलट, ‘पेट घेणारे’ असा आहे. हा शब्द असलेली बाटली चुलीच्या खोलीत ठेवू नये आणि हाताळताना विडी ओढू नये.

तणनाशकावर ‘सिलेक्टिव्ह’ आणि ‘नॉन-सिलेक्टिव्ह’ पाहिल्याशिवाय पंप भरू नये. ग्लायफोसेट ४१ एसएल हे दुसऱ्या प्रकारचे आहे. ते तण आणि पीक असा भेद करत नाही. ‘प्री-इमर्जन्स’ म्हणजे उगवणीपूर्वी आणि ‘पोस्ट-इमर्जन्स’ म्हणजे उगवणीनंतर. सोयाबीनमध्ये पेंडीमेथॅलिन ३० ईसी पहिल्या वेळेला आणि इमाझेथापायर १० एसएल दुसऱ्या वेळेला वापरतात.

पाचवी पायरी: पंपाला किती

बाटलीसोबत घडी घातलेले माहितीपत्रक असते. पीक आणि कीड यांच्यापुढे त्यात चार आकडे असतात. कपाशीवरच्या तुडतुडे, मावा अशा रसशोषक किडींसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएलच्या ओळीत खरे औषध हेक्टरी २० ते २५ ग्रॅम, बाटलीतला द्रव १०० ते १२५ मिलि, पाणी ५०० ते ७०० लिटर आणि शेवटी ४० दिवस असे दिलेले असते. पहिले दोन आकडे एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत: शंभर मिलि द्रवात, लिटरमागे २०० ग्रॅमच्या हिशेबाने, वीस ग्रॅम औषध येते. आपण मोजून टाकायचा तो दुसरा आकडा. पाचशे लिटर पाण्याला शंभर मिलि, तर पंधरा लिटरच्या पंपाला तीन मिलि.

तीन मिलि म्हणजे अगदीच थोडे, आणि एवढ्याने काय होणार असे वाटून माणूस ढक्कन भरून ओततो. ढक्कन हे माप नाही. प्रत्येक बाटलीचा ढक्कन वेगळा असतो, आणि लहान मुलांना औषध पाजण्याची खुणांची मापटी किंवा सुई नसलेली सिरिंज फवारणीसाठी कायमची वेगळी ठेवली तर मात्रा अचूक पडते. ती पुन्हा घरात कशालाही वापरू नये.

शेवटच्या रकान्यावर ‘वेटिंग पीरियड’ असे लिहिलेले असते. फवारणी आणि पुढची फवारणी यांमधले अंतर असा त्याचा अर्थ अनेक जण लावतात, तो चुकीचा आहे. शेवटची फवारणी आणि तोडणी यांमध्ये इतके दिवस गेले पाहिजेत, असा त्याचा अर्थ आहे. भाजीपाल्याच्या बाबतीत हा रकाना आपल्याच ताटाशी संबंधित असतो.

सहावी पायरी: रंगीत चौकोन आणि विषाचे शब्द

लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. गावात त्याला तिकोणच म्हणतात. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि ‘पॉयझन’. पिवळा म्हणजे अति विषारी, त्यावरही ‘पॉयझन’. निळा म्हणजे मध्यम विषारी, त्यावर ‘डेंजर’. हिरवा म्हणजे त्याहून सौम्य, त्यावर ‘कॉशन’. हे वर्ग ‘एलडी फिफ्टी’ या आकड्यावरून पाडले आहेत. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावण्यास त्यांच्या वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात जावे लागते, तो हा आकडा. लाल वर्गात तो १ ते ५०, पिवळ्यात ५१ ते ५००, निळ्यात ५०१ ते ५००० आणि हिरव्यात त्याहून अधिक असतो. म्हणजे येथे आकडा जितका लहान, तितके विष जहाल. हिरवा रंग निर्धोकपणाची खूण नाही, त्यालाही हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले. त्या वर्षानंतर मी फवारणीला येणाऱ्या माणसाला आधी चौकोन दाखवतो आणि मगच पंप देतो. मजुराला वाचता येत नसेल तर वाचून दाखवणे हे वावराच्या मालकाचे काम आहे.

माहितीपत्रकात ‘अँटीडोट’ या शब्दापुढची ओळ फवारणीच्या आधीच वाचून ठेवावी. अँटीडोट म्हणजे उतारा. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारख्या औषधांच्या पुढे तेथे ‘ॲट्रोपिन’ असते; ते डॉक्टरांनीच द्यायचे असते. काही औषधांच्या पुढे ‘नो स्पेसिफिक अँटीडोट’ असे लिहिलेले आढळते. उताऱ्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. त्या विषावर ठरावीक असा उताराच नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात, असा तो इशारा आहे. फवारताना कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि बाटली व माहितीपत्रक सोबत घेऊन दवाखाना गाठावा. ‘कोणते तरी निळे औषध होते’ या सांगण्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत. बाटली हरवण्याची शक्यता धरून लेबलचा आणि त्या ओळीचा फोटो फवारणीपूर्वीच मोबाइलमध्ये काढून ठेवावा, आणि पक्क्या बिलावर बॅच नंबर लिहिलेला आहे का तेही त्याच वेळी तपासावे.

बाटली रिकामी झाल्यावर ‘ट्रिपल रिन्स’ हे शब्द उरतात: तीन वेळा विसळणे. प्रत्येक वेळी विसळलेले पाणी पंपातच ओतावे, नाल्यात किंवा विहिरीजवळ नव्हे. तिसऱ्यांदा विसळून झाले की बाटलीला खिळ्याने भोके पाडावीत, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी रॉकेल किंवा पाणी भरणार नाही.